शनिवारी पाणी वाढवणार

होडीला शटर असतं का, हा प्रश्न यापुढे मला कुणी विचारू नये. किन्हवलीच्या बाजारात, मुरबाडच्या एसटी स्टँडवर, शाळेच्या कचेरीत आणि एकदा तर एका मयताला गेलो असताना, सगळीकडे मी त्याचं उत्तर देऊन दमलो आहे. नसतं. आमच्या होडीला होतं. का होतं ते एकदा सविस्तर सांगून टाकतो, म्हणजे हा विषय कायमचा मिटेल. मिटणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान माझ्याकडून तरी.

सुरुवात मोबाइलवरच्या एका व्हिडिओने झाली. आमची हर्षाली पुण्याला शिकते आणि अभ्यासातून वेळ काढून आईला व्हिडिओ पाठवते. हा व्हिडिओ कुठल्या तरी परदेशातल्या कालव्याचा होता. अरुंद, लांबट होडी, छपरावर फुलांच्या कुंड्या, खिडकीत मांजर, चुलीवर किटली. पिकल्या केसांचं एक जोडपं त्यात राहतं. होडी इतकी हळू चालते की काठावरून काठी टेकत जाणारी म्हातारी तिच्या पुढे निघून जाते. मध्येच ते दोघं बदकांना पाव घालतात. बास, एवढंच. याला सुट्टी म्हणतात हे मला खालची अक्षरं वाचून कळलं.

संजीवनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मला वाटलं तिला कुंड्या आवडल्या. पण ती म्हणाली, "बघा ना, इतका वेळ झाला, त्यांचं दार कुणी वाजवलं नाही."

एवढ्यात आमचं दार वाजलं. बाळाराम होता.

इथे थोडं थांबून आमच्या दाराविषयी सांगायला हवं. मी हायस्कुलात लिपिक आहे. आमच्याकडे लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात आणि भाऊसाहेबाची कचेरी त्याच्याबरोबर घरी येते. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाइड, जन्मतारखेतली चूक, आडनावातला काना, अशा कामांसाठी लोक रविवारी सकाळी घरी येतात, कारण शाळेत आलं तर काम होईल अशी त्यांना भीती वाटत असावी. आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो. ज्याचं काम होणार नाही त्याला तर द्यावाच लागतो. या सगळ्यांच्या आधी आणि नंतर बाळाराम येतो. तो मुरबाड डेपोतून निवृत्त झालेला एसटी ड्रायव्हर, आमचा शेजारी. त्याचं काही काम नसतं. त्यामुळे त्याला घाईही नसते.

चहा देऊन झाल्यावर संजीवनी आत येऊन मला म्हणाली, "दोन दिवस हवेत हो मला. ज्यात कुणी माझ्याकडे चहा मागणार नाही असे. बाकी कुठं नेलं नाहीत तरी चालेल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने कधी काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा ती 'घेऊ का' असं विचारून परत ठेवून देते. मला एकदम गलबलून आलं आणि गलबलून आलं की माणूस वाटेल ते बोलतो. मी म्हणालो, "त्यात काय, कालवा आपल्याकडेही आहे."

आता कुणी म्हणेल, महाबळेश्वरला जायचं होतं. गेलो होतो. तिथल्या पॉइंटवर दरीकडे तोंड करून उभे असताना मागून हाक आली, "भाऊसाहेब, बरे भेटलात!" आमच्या शेजारच्या शेणव्याचे एक पालक होते. त्यांच्या मुलाच्या दाखल्यावर जात लिहायची राहिली होती. आम्ही सगळे मिळून चहा प्यायलो. म्हणून मला वाटलं की लोक डोंगर चढून येतात, पण पाण्यात काही उतरणार नाहीत. किन्हवलीहून शेणव्याकडे जाताना वाटेत एका लहानशा धरणाचा कालवा लागतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, काठाला करंजाची झाडं. व्हिडिओत शोभेल असा. मांजर सोडलं तर सगळं होतं.

माझा बेत मी फक्त बाळारामला सांगितला, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. जो तो सल्ला द्यायला आला आणि चहा पिऊन गेला. कुणी म्हणालं मच्छरदाणी घ्या, कुणी म्हणालं कालव्यात विंचू असतात, कुणी म्हणालं त्यापेक्षा गाळे बांधा, भाडं येईल. बाळारामने मात्र ड्रायव्हरच्या नजरेने विचार केला होता.

"भाऊसाहेब, होडी म्हंजे यष्टीच. फक्त बिरेक नाय. पन मला एक सांगा, जाताल तुमी. येताल कसे?"

"कसे म्हणजे?"

"कालवा केवढा, होडी केवढी? वळवनार कुठं? रिवर्स घेता येतो का तुमाला?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. व्हिडिओतलं जोडपं कधी परत जाताना दाखवलं नव्हतं. बहुधा ते अजून पुढेच चालले असावेत.

मग परवानगी. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेलो तर तिथल्या लिपिकाने वर न बघता सांगितलं, "साहेब साइटवर गेलेत." हे वाक्य मी स्वतः नोकरीभर वापरत आलो आहे, त्यामुळे ते समोरून ऐकताना स्वतःचाच सदरा दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं झालं. मी ओळख दिली, मीही लिपिक आहे म्हणालो. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि उद्या यायला सांगितलं. साहेब भेटले तेव्हा ते भले निघाले, पण अडचणीत पडले. कालव्यात होडी चालवायला मनाई आहे असा नियम त्यांना सापडेना आणि परवानगी आहे असाही सापडेना. कालव्यात पाणी उपसायला मोटर ठेवता येते, म्हैस उतरवली तर दंड आहे, होडीचा उल्लेखच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "पाणी उचलणार आहात का?"

"नाही साहेब. पाण्यानेच आम्हाला उचलायचं आहे."

"मग आमचा काही संबंध येत नाही," ते म्हणाले आणि त्यांना फार हलकं वाटलेलं दिसलं. "पण पाणी कधी असतं ते कोंडूला विचारा. गेट त्याच्याकडे आहे."

कोंडू हा कालव्याचा पाटकरी. पाणी सोडायचं आणि आवरायचं काम त्याचं. खांद्यावर गेटची लोखंडी चावी घेऊन तो काठाकाठाने हिंडतो आणि गावातला मीच एक साहेब अशा थाटात बोलतो. मी त्याला करंजाखाली गाठलं.

"कोंडूमामा, या आठवड्यात पाणी कसं आहे?"

"हाय तसंच हाय. शुक्रवारपर्यंत हाय तसंच."

"आणि शनिवारी?"

कोंडूने चावी खाली टेकली, पाण्याकडे हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाला, "शनवारी पानी वाढवनार."

हे ऐकून मला काय आनंद झाला! शनिवार-रविवारच आमचे ठरले होते. शुक्रवार-शनिवार किरकोळ रजा टाकायची, शुक्रवारी होडी उतरवायची, आणि शनिवारी पाणी वाढलं की झोकात निघायचं. नशीब किती साथ देतंय हे मी घरी येऊन संजीवनीला सांगितलं. त्या कोंडूचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तीही म्हणाली, बरं झालं.

होडी मुरबाडला मुकेशकडे करायला टाकली. मुकेश ग्रिल आणि शटरवाला. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं. त्याने ते आधी उलटं धरलं, मग सरळ, मग पुन्हा उलटं.

"भाऊसाहेब, मी शटर केलेत, जिने केलेत, म्हशींचा गोठा केलाय. होडी म्हंजे काय, गोठाच. खाली पिंपं लावायची."

निळी प्लास्टिकची पिंपं, त्यावर अँगलची चौकट, वर फळ्या, बाजूला आणि माथ्यावर पत्रा. इथपर्यंत आमचं एकमत होतं. दाराशी गाडी अडली.

"दार नाय लावत मी," मुकेश म्हणाला. "होडी डुलली का दार उघडनार, मिटनार, रातभर धाडधाड. शटर लावतो. शटर हालत नाय."

"अरे पण होडीला शटर?"

"मंग काय लावू? मला जे येतं ते लावतो. दार पायजे त सुताराकडं जा."

त्याचं म्हणणं मला पटलं असं नाही, पण वादात मी मुकेशपुढे टिकत नाही. कुंड्या ठेवायला समोर एक फळी हवी असं मी सांगितलं होतं. ती त्याने शटरसमोर, बरोबर माणसाचं कोपर टेकेल एवढ्या उंचीवर लावली. वर उन्हासाठी पत्र्याची पडवी काढली. रंग त्याच्याकडे भगवा उरला होता.

टेम्पोतून होडी आणताना वाटेत लोक हात दाखवून थांबवायचे आणि विचारायचे, "कुठं टाकताय? उद्घाटन कधी?" एकाने तर मिसळ ठेवणार का असं विचारलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी माझ्याच तंद्रीत होतो. मी मान वर करून सांगत होतो, "होडी आहे." आणि ते आदराने म्हणायचे, "नाव चांगलं ठेवलंय."

शुक्रवारी दुपारी होडी कालव्यावर आली. बाळाराम, मुकेश आणि वाटेत जमलेले काही लोक यांनी ती दोरांनी खाली सोडली. मी नारळ हातात घेतला आणि म्हणालो, "फोडू का आता?"

बाळाराम अंगावर धावून आला. "भाऊसाहेब! फोडू काय म्हनता शुभकार्याला? वाढवा म्हना, वाढवा!"

"बरं, वाढवतो," मी म्हणालो आणि नारळ दगडावर आपटला. देवाने यापेक्षा स्पष्ट इशारा काय द्यायचा? पण मला त्या वेळी नारळाचं पाणी कुणाच्या सदऱ्यावर उडालं याचीच काळजी होती.

होडी तरंगली. म्हणजे पुढून तरंगली. मागचा भाग खाली टेकून होता, कारण कालव्यात पाणी मुळात गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली. काठीने ढकललं तर ती हातभर सरकायची आणि कर्रकन थांबायची. मुकेश म्हणाला, खाली घासतेय. बाळाराम म्हणाला, गियर पडत नाय. मी दोघांनाही समजावलं, "उद्या पाणी वाढलं की सगळं ठीक होईल." त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण भाऊसाहेबाशी कोण हुज्जत घालणार, म्हणून ते निघून गेले. पाणी चढेल या हिशोबाने मी होडीचा दोर चांगला लांब ठेवला, गाद्या वरच्या फळीवर टाकल्या आणि हर्षालीची लहानपणची पोहायची ट्यूब फुगवून खुंटीला अडकवली. संजीवनीने कुंड्या मांडल्या. व्हिडिओतल्या फुलांची नावं आम्हाला माहीत नव्हती, म्हणून एक तुळस, एक कोरफड आणि रंगाच्या डब्यात लावलेला ओवा.

जरा खालच्या बाजूला चिमाबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका गोधड्या धूत होत्या. मला एकदम जबाबदारीची जाणीव झाली. उद्या पाण्याचा लोंढा येणार आणि या बिचाऱ्या बेसावध. मी काठावरून ओरडून सांगितलं, "चिमाबाई, उद्या पाणी वाढवणार आहेत बरं का!"

"ठावं हाय ना, भाऊसाहेब!" ती तिकडून ओरडली. "म्हनून त आजच गोधड्या धुवून घेतो!"

बाई किती दूरदर्शी, मला वाटलं.

"उद्या सकाळी अख्खा गाव येनार हितं!" ती पुढे म्हणाली.

गावाला आपल्या होडीचं एवढं कौतुक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी विनयाने म्हणालो, "येऊ द्या, येऊ द्या." संजीवनीने माझ्याकडे पाहिलं. गाव येणार हे तिला आवडलेलं नव्हतं. मी तिला समजावलं की गाव काठावर राहील, आपण पाण्यात, आणि पाणी वाढल्यावर कोण कशाला आत येतंय!

त्या संध्याकाळी मात्र ती फळीशी बसली. पलीकडच्या खाचरातून बगळे उठून गेले. पाण्यावर करंजाची पानं वाहत आली, होडीला टेकली आणि वळसा घालून पुढे गेली. मी तिला चहा हवा का विचारलं तर म्हणाली, "नको. चहाचं नावही नको." मग ती ओव्याची पानं एकेक करून पुसत बसली. शेवटी म्हणाली, "बघा, कुणी दार वाजवलं नाही." तिचा चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसत होता. होडी तिरकी होती, डास होते, पाठ दुखत होती, पण मला त्या क्षणी आपण जन्मात एक काम नीट केलं असं वाटलं.

सकाळी मी गडगडत जाऊन पत्र्यावर आदळलो तेव्हा जाग आली. गॅसची शेगडी माझ्याआधीच तिथे पोचली होती. होडी एका कुशीवर कलली होती. पाणी वाढलं, लोंढा आला, असं समजून मी 'संजीवनी, ट्यूब धर!' म्हणून ओरडलो आणि शटर वर केलं.

पाणी नव्हतं. कालवाभर चिखल आणि जागोजागी डबकी. आणि त्या डबक्यांमध्ये खरोखर अख्खा गाव उतरला होता. जाळी, टोपल्या, घमेली, कुणाकडे तर नुसता पंचा. कुणी मासे धरत होतं, कुणी चिंबोऱ्या, पोरं एकमेकांवर चिखल उडवत होती. आमची होडी त्या सगळ्यांच्या मधोमध उभी होती. माझा लांब ठेवलेला दोर चिखलात पडला होता आणि त्यावर एक बाई मासे निवडत बसली होती.

काठावर कोंडू चावी खांद्यावर घेऊन समाधानाने बघत होता. मी ट्यूब हातात घेऊनच त्याच्याकडे गेलो.

"कोंडूमामा! तुम्ही म्हणालात पाणी वाढवणार!"

"मंग? वाढवला नं. उजाडायच्या आदी वाढवला."

"हे वाढवलेलं?" मी चिखलाकडे बोट दाखवलं. "हे तर बंद केलंय!"

कोंडूने झटकन कानांना हात लावले. "भाऊसाहेब, आसं बोलू नये. पानी म्हंजे लक्षुमी. तिला बंद म्हनायचं नाय, वाढवला म्हनायचं. तुमच्याकडं वानी रातच्याला काय करतो? दुकान बंद करतो का वाढवतो?"

"वाढवतो," मी म्हणालो.

"बांगडी फुटते का वाढते?"

"वाढते."

"काल नारल काय केलात?"

लहानपणापासून मी दुकान वाढवलं म्हणतो, नारळ वाढवला म्हणतो, आणि बोलताना एकदाही मला ते अडलं नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र मी एकदम शुद्ध भाषेत विचार केला. चिमाबाईला कळलं होतं. गोधड्यांनाही कळलं असेल. आता पुन्हा पाणी सोडणार होते ते पुढच्या पाळीला, आणि ती कधी हे कोंडूने 'वरून ऑडर येईल तेवा' एवढंच सांगितलं.

मी परत होडीकडे वळलो आणि तिथे जे पाहिलं त्याने माझे पाय चिखलात रुतले. तसे ते आधीच रुतले होते.

चिखलात पहाटेपासून राबलेल्या माणसाला वर मान केल्यावर काय दिसत होतं? भगवी पत्र्याची खोली. वर उचललेलं शटर. पुढे पडवी. फळी. फळीमागे उभी बाई, शेजारी गॅस. एकाने फळीवर कोपर टेकलं होतं आणि तो म्हणत होता, "दोन कटिंग. एकात साखर कमी."

सवयीने संजीवनीचा हात पातेल्याकडे गेला. मी चिखल तुडवत पोचेपर्यंत आधण ठेवून झालं होतं. मागे दोघं उभे राहिले, त्यांच्या मागे आणखी. कुणी पाव आहे का विचारलं. कुणी म्हणालं, बरं केलंत वयनी, हितं चहाची सोय नव्हती. चिमाबाईने तर टोपलीतले मासे फळीवर ओतले आणि हुकूम सोडला, "वयनी, कालवन करा गो! हितंच खाऊ सगली!" कालव्यात कालवण, असा एक विनोद मला सुचला, पण ऐकायला कुणी नव्हतं.

"अहो ही टपरी नाही! होडी आहे!" मी ओरडलो.

"हां हां, नाव ऐकलं आमी टेम्पोवर असताना," एकजण म्हणाला. त्याला कपात आणखी थोडा हवा होता.

तेवढ्यात बाळाराम आला. एकटा नाही. "भाऊसाहेब घरी नव्हते, म्हनून यांना हिकडं घेऊन आलो," असं म्हणत त्याने मागची रांग दाखवली. शाळेत मी रजेवर, म्हणून लोक दाखल्यासाठी घरी आले होते. दोघंतिघं तर चपला हातात घेऊन चिखलातून आले होते, एवढ्या कष्टाने आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? एकाच्या आडनावात वेलांटी चुकली होती. मी ट्यूब गळ्यात अडकवून उभ्या उभ्या त्याची अडचण ऐकली. बाळाराम आत डोकावून म्हणाला, "वयनी, माझा नेहमीचाच."

मी संजीवनीकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती एका हाताने गाळणं धरून होती, दुसऱ्या हाताने कलणारी शेगडी सावरत होती, आणि तिचा चेहरा घरी रविवारी असतो तसाच होता. कालचा फोटोतला चेहरा कुठेच नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी हळूच म्हणालो, "चल, घरी जाऊ."

"घरी?" ती म्हणाली. "घरी कोण कमी असतं?"

तिने हातातला कप बाळारामला दिला. गॅस बंद केला. पातेलं, गाळणं, चहापत्तीचा डबा, साखरेचा डबा आणि शेगडी-सिलिंडरसकट सगळं एकेक करून फळीवर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. तुळस, कोरफड आणि ओवा तेवढा आत घेतला. मग हात उंच करून तिने शटरची कडी धरली आणि सगळ्या कालव्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दुकान वाढवलं!"

शटर धडधडत खाली आलं.

पुढे जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. फळीवरची कोपरं उठली. रांग मोडली. "वाढवलं का? बरं बरं," म्हणत माणसं पुन्हा डबक्यांकडे गेली. चिमाबाईने मासे टोपलीत भरले. वेलांटीवालासुद्धा सोमवारी शाळेत येतो म्हणाला. आयुष्यभर मी पाहतो आहे, आमच्या दाराला कडी लावली तर लोक कडी वाजवतात, आतून आवाज नाही दिला तर खिडकीतून हाक मारतात, मागच्या दाराने येतात. पण पाडलेलं शटर कुणी वाजवत नाही. त्याच्याकडे एकदा बघतात आणि वळतात. मुकेशला हे माहीत असेल असं मला वाटत नाही. त्याला फक्त शटर येत होतं.

एकटा बाळाराम उभा राहिला. कपातला शेवटचा घोट घेऊन म्हणाला, "वयनी आत हायत आनि दुकान वाढवलं म्हंजे काय?"

"म्हणजे त्या बाहेरगावी गेल्यात," मी म्हणालो. "रविवार संध्याकाळपर्यंत."

"मंग च्या?"

मी शेगडी काठावरच्या करंजाखाली नेऊन मांडली. चहा मी लग्नाआधी करत असे, त्यामुळे हात बसायला वेळ लागला. पहिला उतू गेला, दुसरा बाळारामने पिऊन पाहिला आणि कप खाली ठेवून उठून गेला. त्या दिवशी तो पुन्हा आला नाही. इतका वेळ बाळाराम आला नाही असं यापूर्वी कधी घडल्याचं मला आठवत नाही. दुपारपर्यंत कालव्यातलेही आपापल्या घरी गेले. चिखलात ती कललेली भगवी खोली तेवढी उरली, आणि आतून मधूनमधून गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. संजीवनी गुणगुणते हे मला माहीत नव्हतं.

ऊन उतरल्यावर मी एक कप नीट लक्ष देऊन केला, चिखलातून नेला आणि शटरवर टकटक करणार होतो, पण हात मागे घेतला. तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने शटर आपण होऊन वीतभर वर झालं. मी खालून कप आत सरकवला. बांगड्या वाजल्या, कप आत गेला, एक घोट घेतल्याचा आवाज आला.

"साखर कमी आहे," ती आतून म्हणाली.

"पुढच्या कपात वाढवतो."

शटर पुन्हा खाली यायला लागलं आणि शेवटच्या बोटभर फटीतून तिचा आवाज आला, "कोंडूमामासारखी नका वाढवू."